तिळात कॅन्सरचं म्युटेशन असतं, तरी तीळ गप्प का बसतो?

अंगावरचा साधा तीळ घ्या, लहानपणापासून आहे तिथे आहे, वाढत नाही, दुखत नाही, आपण विसरूनही गेलेलो असतो. आता हे वाचा. २००२ मध्ये शास्त्रज्ञांना कळलं की मेलॅनोमा नावाच्या त्वचेच्या सगळ्यात डेंजर कॅन्सरमध्ये बीरॅफ नावाचा जीन फार वेळा बिघडलेला असतो, साधारण निम्म्या पेशंटमध्ये, आणि बिघाड बहुतेक वेळा एकाच ठराविक जागी असतो. मोठा शोध होता, औषधं बनवायची शर्यतच लागली. पण पुढच्याच वर्षी कोणीतरी साधे, निरुपद्रवी तीळ तपासले आणि त्यात बहुसंख्य तिळांमध्ये नेमकं तेच म्युटेशन सापडलं! म्हणजे कॅन्सरचं म्युटेशन हजर आहे आणि कॅन्सर नाही. त्याच सुमाराच्या एका अमेरिकन अंदाजानुसार चाळिशीच्या आतल्या माणसाच्या एखाद्या तिळाचा वर्षभरात मेलॅनोमा होण्याची शक्यता दोन लाखांत एकापेक्षाही कमी आहे.

मग प्रश्न असा की तीळ गप्प का बसतो, आणि एखादाच का बिथरतो?

याचं उत्तर एकच नाहीये. पण त्यातला जो भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो आणि ज्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही तो म्हणजे क्रोमॅटिन रिमॉडेलिंग करणारे जीन. नाव ऐकून पळून जाऊ नका, आतली भानगड समजण्यासारखी आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांब डीएनए असतो आणि तो ज्या केंद्रकात बसवलेला असतो ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. त्यामुळे तो नुसता कोंबून चालत नाही, नीट गुंडाळावा लागतो. हिस्टोन नावाची प्रोटीन्स आठ-आठच्या गटाने एक गोळा तयार करतात आणि त्याभोवती डीएनएची १४७ अक्षरं गुंडाळली जातात, पाऊणेदोन वेढे वगैरे, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचा गोळा. या एका गुंडाळीला न्यूक्लिओसोम म्हणतात आणि डीएनए, हिस्टोन, बाकीची प्रोटीन्स असं सगळं मिळून जे होतं ते क्रोमॅटिन.

पुण्याचं पेशवे दफ्तर माहितीये ना, मोडी कागदांचे हजारो रुमाल, फडक्यात बांधलेले, कपाटात रचलेले. कागद आहे, त्यावर मजकूर आहे, पण रुमालाची गाठ सोडल्याशिवाय तो वाचता येत नाही आणि कुठला रुमाल सोडायचा, कुठला बांधूनच ठेवायचा हे तिथला माणूस ठरवतो. पेशीचं डिट्टो तसंच आहे. डोळ्याची पेशी, लिव्हरची पेशी आणि त्वचेला रंग देणारी पेशी, तिन्हींकडे दफ्तर सेम टू सेम, फरक फक्त कुठले रुमाल उघडे आहेत याचा. क्रोमॅटिन रिमॉडेलर म्हणजे हे रुमाल सोडणारी-बांधणारी माणसं. आपण कॅन्सर म्हटलं की कायम कागदावरच्या चुकीचं बोलतो, अमुक जीनमध्ये स्पेलिंग मिस्टेक झाली वगैरे. इथे चूक होते ती रुमाल सांभाळणाऱ्या माणसाच्या नेमणुकीच्या कागदात, आणि मग एका कागदाचा नाही, सगळ्या दफ्तराचाच घोळ होतो.

या कामातलं सगळ्यात अभ्यासलेलं यंत्र म्हणजे स्विच-स्निफ. लिहिताना इंग्रजीत SWI/SNF असं लिहितात, पण लॅबमध्ये तोंडी असंच म्हणतात. गंमत म्हणजे हे सापडलं ते कॅन्सर शोधताना नाही, यीस्टमध्ये, तेच पाव फुगवणारं यीस्ट. १९८०च्या दशकात अमेरिकेत दोन वेगळ्या टीम दोन वेगळ्या प्रश्नांच्या मागे होत्या, एकाला बघायचं होतं की यीस्ट आपला प्रजननाचा प्रकार कसा बदलतं आणि दुसऱ्याला बघायचं होतं की साखर पचवता न येणाऱ्या यीस्टमध्ये काय बिघडलंय. दोघंही फिरून फिरून त्याच जीन्सपाशी आले. नंतर कळलं की ही सगळी प्रोटीन्स एकत्र येऊन एकच मोठं यंत्र बनवतात आणि एटीपी म्हणजे पेशीचं इंधन जाळून न्यूक्लिओसोम सरकवतात किंवा उचकटून बाजूला काढतात.

माणसात हे यंत्र आणखी मोठं आहे, दहा-पंधरा भागांचं, आणि त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. त्यातले दोन इथे लागतील, एक बाफ आणि एक पीबाफ. इंजिन दोघांत सेम असतं, बीआरजी१ किंवा बीआरएम नावाचं प्रोटीन, पण बाकीचे पार्ट वेगळे, आणि त्या पार्टवरून ठरतं की यंत्र डीएनएच्या कुठल्या जागी जाऊन बसणार. बाफमध्ये एआरआयडी१ए किंवा एआरआयडी१बी असतं. पीबाफमध्ये असतात एआरआयडी२, पीबीआरएम१ आणि बीआरडी७. एआरआयडी२ हे नाव लक्षात ठेवा, मेलॅनोमाच्या गोष्टीत तेच परत परत येतं.

कॅन्सरशी संबंध पहिल्यांदा पक्का झाला १९९८ मध्ये, लहान मुलांच्या रॅब्डॉइड ट्युमर नावाच्या एका अत्यंत वाईट कॅन्सरमुळे. त्यात स्विच-स्निफचा एक पार्ट, एसएमएआरसीबी१, पूर्ण गायब असतो आणि बाकी डीएनएमध्ये जवळपास काहीच बिघाड नसतो. म्हणजे फक्त एवढं एक गेलं तरी पुरतं. तोपर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की ही घरकाम करणारी प्रोटीन्स आहेत, यांचा कॅन्सरशी काय संबंध. नंतर हजारो ट्युमरचं सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए अक्षर-अक्षर वाचणं, झाल्यावर २०१३ च्या सुमारास हिशोब लागला की माणसाच्या साधारण २० टक्के कॅन्सरमध्ये या यंत्राच्या कुठल्या ना कुठल्या पार्टमध्ये म्युटेशन असतं. पाचातला एक! हे खूप आहे.

आता त्वचेकडे येऊ, आणि इथे एक अडचण आहे जी समजून घेतली नाही तर बाकी सगळं फसवं वाटेल.

उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण डीएनएवर पडले की शेजारी-शेजारी असलेली दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात, पेशी ती दुरुस्त करते पण कधीकधी चुकते आणि मग डीएनएमधल्या सी या अक्षराच्या जागी टी येतं. उन्हाची ही सही इतकी ठराविक आहे की म्युटेशनची यादी बघून सांगता येतं हे उन्हाचं काम आहे. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटने एका मेलॅनोमाचा अख्खा जीनोम म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए वाचला तेव्हा त्यात ३३ हजारांवर बदललेली अक्षरं सापडली, एका ट्युमरमध्ये. यातली बहुतेक सगळी बिनकामाची असतात, जीनमध्ये पडतही नाहीत. मग एआरआयडी२ मध्ये म्युटेशन सापडलं तर ते खरं गुन्हेगार की नुसतं गर्दीत उभं होतं, हे कसं ठरवणार? त्यात हे मोठे जीन आहेत, जितका जीन लांब तितकी त्यावर योगायोगाने ठिणगी पडायची शक्यता जास्त. सुरुवातीच्या काळात अशा लांबलचक जीन्सनी बऱ्याच जणांना चकवलंय.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने १२१ मेलॅनोमा घेऊन यावर छान युक्ती केली. जीनच्या आत असे तुकडे असतात ज्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, ते कापून टाकले जातात. तिथे पडणारी म्युटेशन्स बहुतेक फुकटची, त्यांचा ना फायदा ना तोटा. तर त्यांनी तिथली म्युटेशन्स मोजून उन्हाचा बेसिक मारा किती हे काढलं आणि मग बघितलं की प्रोटीन बनवणाऱ्या भागात त्यापेक्षा जास्त नुकसान कुठल्या जीन्समध्ये आहे. या चाळणीतून सहा नवीन जीन पुढे आले, त्यातला एक एआरआयडी२. आणि त्यातली बरीच म्युटेशन्स प्रोटीन मध्येच तोडून टाकणारी होती, म्हणजे नुसता ओरखडा नाही, तो पार्टच बाद. योगायोगाने असं होत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने तीनशेहून जास्त मेलॅनोमा तपासले तेव्हाही एआरआयडी२ यादीत होताच. साधारण दहातल्या एखाद्या मेलॅनोमात तो बिघडलेला असतो असं धरा, आणि स्विच-स्निफचे बाकीचे पार्ट मोजले तर आकडा आणखी वर जातो.

पण किती जणांत सापडतो यापेक्षा कधी सापडतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि इथे परत तिळाकडे यावं लागतं.

काही मेलॅनोमा जुन्या तिळातूनच उगवतात आणि कापून काढलेल्या एकाच तुकड्यात एका बाजूला शांत तीळ, मध्ये थोडा संशयास्पद भाग आणि दुसऱ्या बाजूला पसरणारा कॅन्सर असं शेजारी-शेजारी दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतल्या टीमने असे ३७ नमुने घेतले, प्रत्येक भाग वेगळा खरवडून त्याचा डीएनए वाचला आणि २०१५ मध्ये छापलं. तिळात काय, तर बीरॅफ आणि फारसं काही नाही. मधल्या टप्प्यात टेलोमरेज चालू करणारी म्युटेशन्स, ज्यामुळे पेशीला विभाजनाची मर्यादा राहत नाही. आणि खोल घुसणाऱ्या कॅन्सरच्या टप्प्यावर सीडीकेएन२ए नावाच्या रखवालदार जीनच्या दोन्ही प्रती उडालेल्या आणि त्याच सुमारास स्विच-स्निफच्या पार्टमध्येही बिघाड. २०१८ मध्ये त्याच ग्रुपने आणखी नमुने घेऊन क्रम जास्त स्पष्ट केला. म्हणजे क्रोमॅटिनचे जीन आग लावत नाहीत, आग आधीच लागलेली असते धुमसत, ते आग पसरण्याच्या टप्प्यावर येतात. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी एआरआयडी२ मुळे मेलॅनोमा होतो असं सरळसोट लिहिलेलं असतं ना, ते मला म्हणूनच खटकतं.

बरं, येऊन करतात काय?

रंग बनवणाऱ्या पेशीला, मेलॅनोसाइटला, आपण कोण आहोत हे लक्षात ठेवायला एमआयटीएफ नावाचं मुख्य प्रोटीन लागतं, आणि एमआयटीएफला त्याच्या जीन्सपर्यंत पोचायला बीआरजी१ म्हणजे स्विच-स्निफचं इंजिन सोबत लागतं, एकटं ते बंद क्रोमॅटिन उघडू शकत नाही. म्हणून मेलॅनोमाच्या पेशींनासुद्धा इंजिन लागतंच. पूर्ण यंत्र मोडलं तर कॅन्सरची पेशीही मरेल. त्यामुळे कॅन्सरला सोयीचं काय, तर इंजिन चालू राहावं पण ते चुकीच्या जागी जावं. एआरआयडी२ गेलं की नेमकं हेच होतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या एका टीमने २०२२ मध्ये दाखवलं की एआरआयडी२ काढून टाकल्यावर पीबाफचं यंत्र खिळखिळं होतं, त्याचे बाकी पार्टही सुटतात, आणि मग उरलेलं बाफ डीएनएवर नवीन जागी जाऊन बसतं, काही जीन नको तेव्हा उघडतात, काही बंद पडतात, आणि झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांमध्ये आणि उंदरांमध्ये अशा पेशी शरीरात जास्त पसरतात. पसरणं म्हणजेच मेलॅनोमात माणूस दगावण्याचं कारण, मूळ डाग तर कापून काढता येतो.

याच्याशी जोडलेला एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२१, न्यूयॉर्कचंच मेमोरियल स्लोन केटरिंग. त्यांनी मानवी स्टेम सेलपासून मेलॅनोसाइट तयार होताना मधल्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या पेशी घेतल्या, सगळ्यांत तेच बीरॅफ म्युटेशन घातलं, तेच, काडीचा फरक नाही. कोवळ्या पेशींनी ट्युमर बनवला आणि पूर्ण तयार झालेल्या मेलॅनोसाइटने बनवलाच नाही. डीएनएमधलं म्युटेशन एक, पण क्रोमॅटिनची अवस्था वेगळी म्हणून निकाल वेगळा. मग त्यांनी एटीएडी२ नावाचं एक क्रोमॅटिनवर काम करणारं प्रोटीन तयार मेलॅनोसाइटमध्ये वाढवलं आणि त्या गप्प पेशीही बिथरू शकतात असं दिसलं. तीळ का गप्प बसतो याचं इतकं थेट उत्तर मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

स्विच-स्निफ सोडून बाकीही मंडळी आहेत. काही जीन न्यूक्लिओसोम सरकवत नाहीत पण हिस्टोनवर रासायनिक खुणा लावतात किंवा पुसतात आणि त्या खुणा बघून पुढचं ठरतं. ईझेडएच२ हा खुणा लावून जीन बंद ठेवणारा, काही मेलॅनोमात तो जास्तच चालू असतो. एसईटीडीबी१ पण त्याच जातीतला, बोस्टनमधल्या लॅबने २०११ मध्ये बीरॅफचं म्युटेशन असलेल्या झेब्राफिशमध्ये तो वाढवला तर मेलॅनोमा लवकर यायला लागला. बीएपी१ खूण पुसणारा, तो डोळ्याच्या मेलॅनोमात, विशेषतः पसरणाऱ्या प्रकारात फार वेळा बिघडलेला असतो, आणि काही घराण्यांत बीएपी१ चा बिघाड जन्मतःच येतो, अशा लोकांना डोळ्याचा आणि त्वचेचा मेलॅनोमा, छातीच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, किडनीचा कॅन्सर असा सगळाच धोका जास्त असतो. आणि मेलॅनोमा सोडून त्वचेचा जो स्क्वॅमस सेल कॅन्सर असतो त्यात केएमटी२सी आणि केएमटी२डी हे दोन खुणा लावणारे जीन वारंवार बिघडलेले सापडतात. तिथेही उन्हाचा मारा इतका असतो की गुन्हेगार आणि बघे वेगळे करणं तितकंच कटकटीचं.

आता उलटी बाजू, आणि ही खरंच अनपेक्षित होती. २०१८ मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बरमधल्या टीमने उंदराच्या मेलॅनोमा पेशी घेतल्या, त्यांच्यातला एकेक जीन क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने बंद केला आणि टी-सेल म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशी त्यांच्यावर सोडल्या, बघायला की कुठला जीन बंद केला तर कॅन्सर पटकन मरतो. उत्तरात पीबाफचे तिन्ही पार्ट आले, पीबीआरएम१, एआरआयडी२, बीआरडी७. म्हणजे जो बिघाड कॅन्सरला पसरायला मदत करतो तोच त्याला प्रतिकारशक्तीपुढे उघडा पाडतो, कारण इंटरफेरॉन-गामा नावाच्या सिग्नलला उत्तर देणारे जीन आता सहज चालू होतात आणि पेशी टी-सेलला जास्त ठळक दिसते. त्याच वेळी किडनीच्या एका कॅन्सरमध्ये पीबीआरएम१ गेलेल्या पेशंटना इम्युनोथेरपीचा, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचाराचा, जास्त फायदा झाल्याचं छापून आलं आणि सगळीकडे उत्साहाची लाट. (इम्युनोथेरपीच्याच शोधासाठी त्या वर्षी अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना नोबेल मिळालं, त्यामुळे वातावरणच तसं होतं.)

पण उंदीर तो उंदीर. मेलॅनोमाच्या पेशंटला इम्युनोथेरपी द्यायची की नाही हे आज एआरआयडी२ बघून ठरवत नाहीत. त्यासाठी कॅन्सर कुठल्या स्टेजला आहे, कुठे पसरलाय, बीरॅफचं म्युटेशन आहे का, पेशंटची तब्येत कशी हे बघतात. ते असेल तर त्यावरची गोळी आहे, पहिली २०११ मध्ये आली. एआरआयडी२ वर गोळी नाही, आणि त्याचं कारण अगदी सरळ आहे, बीरॅफमध्ये प्रोटीन जास्त काम करतं म्हणून औषधाने ते दाबता येतं, इथे प्रोटीनच नाहीये, नसलेल्या गोष्टीला दाबणार कसं? म्हणून आडवाटेने जावं लागतं, एक पार्ट गेल्यावर पेशी दुसऱ्या कशाच्या जिवावर तगून आहे ते शोधायचं आणि ते तोडायचं. हे जमू शकतं याचं एक उदाहरण आहे, एपिथेलिऑइड सार्कोमा, जो बऱ्याचदा हाताच्या त्वचेखाली गाठ म्हणून सुरू होतो. त्यात एसएमएआरसीबी१ गायब असतं, त्यामुळे ईझेडएच२ मोकाट सुटतो, आणि त्या ईझेडएच२ ला दाबणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. मेलॅनोमात तितकं सोपं गणित अजून बसलेलं नाही.

हे सगळं बोललो ते मुख्यतः गोऱ्या त्वचेच्या, उन्हात भाजलेल्या लोकांचं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या बाबतीत जगात सगळ्यात पुढे. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, त्वचेतलं मेलॅनिन बरंच ऊन अडवतं. पण जो होतो त्यात तळपाय, तळहात आणि नखाखाली होणाऱ्या प्रकाराचं प्रमाण मोठं असतं, ज्याला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला तो याच प्रकाराने, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेला. यात उन्हाचा फारसा हात नसतो, एकेका अक्षराची म्युटेशन्स कमी असतात आणि त्याऐवजी क्रोमोसोमचे मोठमोठे तुकडे गळतात किंवा डबल-टिबल होतात, बीरॅफही कमी सापडतो. त्यामुळे वरचे आकडे उचलून जसेच्या तसे आपल्या पेशंटला लावू नका.

आणि त्वचेचा कॅन्सर म्हणजे फक्त ऊन असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच धोतर कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळून त्वचा घासली जाते, तिथे जखम भरते, परत होते आणि काहींना त्याच पट्ट्यात स्क्वॅमस सेल कॅन्सर होतो. नेसत्या साडीच्या किंवा परकराच्या नाडीखाली होतो त्याला साडी कॅन्सर म्हणतात. जुन्या भाजल्याच्या व्रणातही असाच होतो. सारखी जखम आणि सारखी दुरुस्ती म्हणजे पेशींचं सारखं विभाजन, आणि प्रत्येक विभाजनात क्रोमॅटिन उघडून पुन्हा बांधावं लागतंच.

कोणाच्या रिपोर्टमध्ये एआरआयडी२, एसएमएआरसीए४ (म्हणजे बीआरजी१ चाच जीन), एआरआयडी१ए असं काही लिहून आलं तर घाबरून गूगल करत बसण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, हे म्युटेशन ट्युमरमध्ये आहे की रक्तात म्हणजे जन्मतः आहे, कारण जन्मतः असेल, विशेषतः बीएपी१, तर घरातल्या बाकीच्यांनाही तपासावं लागू शकतं आणि फक्त ट्युमरमध्ये असेल तर मुलाबाळांचा काही संबंध नाही. दोन, ते प्रोटीन तोडणारं आहे की नुसता अर्थ न लागणारा बदल, रिपोर्टमध्ये अशा बदलांना वेगळ्या यादीत टाकलेलं असतं आणि त्या यादीवरून उपचार बदलत नाहीत.

आणि तीळ. तो आहे तसाच असेल तर राहू द्या. वाकडातिकडा वाढायला लागला, रंग एकसारखा राहिला नाही, रक्त आलं, किंवा तळपायावर अथवा नखाखाली नवीन काळी पट्टी दिसली आणि ती हळूहळू रुंद होतेय असं वाटलं, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पायाला काहीतरी लागलं असेल म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत बसू नका. संशय असेल तर बायोप्सी करतात, आणि डाग वरवरचा असतानाच पूर्ण कापून निघाला तर बहुतेक वेळा काम तिथेच संपतं, क्रोमॅटिनच्या टप्प्यापर्यंत प्रकरण जातच नाही.